अळू खोडून आलू

थांबा, हातातलं ठेवा आणि आधी हे ऐका. आत्ताच्या आत्ता सांगायचंय, कारण उद्यापर्यंत राग थंड होईल, मी परत गप्प बसेन, आणि ती खोटी गोष्ट अजून वर्षभर फिरत राहील. काल नातेवाईकांच्या ग्रुपवर मावशीनं माझा जुना फोटो टाकला. चुलीसमोर मी, नाकाला राख, हातात झारा. खाली लिहिलं, 'हीच ती आमची, जिनं आख्खं पुस्तक रांधलं अन् बापाले हरवलं.' लगेच अंगठे, फुलं, टाळ्या. एका आतेभावानं तर विचारलं, ताई, रेसिपी टाका ना.

खोटं आहे! आख्खं पुस्तक मी रांधलं नाही आणि बाबांना मी हरवलं नाही. झालं ते असं झालं.

आमचं घर धाडला, बुलडाणा जिल्ह्यात. मी तेव्हा बुलडाण्याच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, रोज जीपनं जायचे-यायचे. बीटी कापूस येऊन चार-पाच वर्षं झाली होती. पहिल्या दोन वर्षांत झाडं बोंडांनी अशी लदली की बाबांना वावरात जिथं जिथं माती दिसेल तिथं सरकीच दिसायला लागली. आधी ज्वारी गेली, मग मूग गेला, मग तीळ गेले. आणि मग भाजीवावर गेलं.

भाजीवावर म्हणजे विहिरीजवळचा एक तुकडा. कापसाची चार तासं, चार ओळी मावतील एवढाच. पण तो आईचा. सातबारावर कुणाचं नाव ते सोडा, तिथं काय लावायचं ते आई ठरवायची. अंबाडी, मेथी, वांगी, मिरच्या, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे कोथिंबीर कोणी म्हणत नाही. मोटारीचं पाणी जिथं गळायचं तिथं चमकोऱ्याचं एक दाट बेट होतं, पानं एवढी मोठी की लहानपणी मी ती डोक्यावर घेऊन फिरायचे. एका वर्षी बाबांनी न विचारता तिथूनही ट्रॅक्टर फिरवला. आईनं तिथला विळा घरी आणून चुलीमागं खोचून ठेवला, बस.

पण मी एक बघत होते. बाजाराच्या दिवशी आई सांबाराची जुडी घ्यायची आणि ती पिशवीत सगळ्यात खाली घालायची. वर कांदे, वर आलू. सांबार चेंगरून काळा पडायचा तरी खालीच. एकदा ओळखीच्या बाईनं पिशवीत डोकावून म्हटलंच, "अवं, तुमचं तं विहिरीवरचं वावर हाय ना? तुमी बी इकत घेता सांबार?" आई हसली. पिशवीचं तोंड आवळून झपाझप चालायला लागली. 

आता पुस्तक. पुस्तक आलं बियाण्यासोबत! खरंच. त्या वर्षी दुकानात जास्त पाकिटं घेणाऱ्याला भेट होती. कोणाला घड्याळ, कोणाला बादली. बाबांचा नंबर येईपर्यंत घड्याळं आणि बादल्या संपल्या, उरलं होतं एक पाककृतीचं पुस्तक. एकशे एक पदार्थ. कव्हरवर मोत्यांची माळ घातलेली एक बाई टोमॅटोकडे बघून हसतेय. आत एकही चित्र नाही. बाबांनी ते माझ्या अंगावर टाकलं. "घे. बादली पायजे होती, हे भेटलं."

मी तिथल्या तिथं म्हटलं, "बाबा, यातलं करायचं तं भाजी लागन. आईले तिचा तुकडा द्या ना वापस."

"आधी हे करून तं दाखव," बाबा म्हणाले. "शिलाईचा क्लास सोडला, टायपिंगचा सोडला. तुह्याच्यानं एक काम पुरं झालं का आजपर्यंत?"

"अन् पुरं केलं तं?"

"एकशे एक झाले तं देतो तुकडा. पुढच्या लावणीच्या आत. पन एक बी कमी नाही."

"शप्पथ घ्या."

"घेतली. या समोरच्या भाकरीची."

आई चुलीजवळून म्हणाली, "मले काऊन मधात घेता बापा तुमी दोघं?" पण तिचा हात थांबला होता. तव्यावरची भाकर करपली. आईची भाकर कधी करपत नाही.

तर असं सुरू झालं. कृती क्रमांक एक : साधं वरण. बाबांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "बरं झालं वं पुस्तक भेटलं, नाहीतं वरण कसं करतेत हे समजलंच नसतं आपल्याले."

मला वाटलं होतं सगळं असंच जाईल. कुठलं काय! बाबांची दुसरी अट होती की गॅसला हात लावायचा नाही, सिलिंडर पाहुण्यांसाठी. म्हणजे अंगणातली चूल, आणि चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. पुस्तकात दर तिसऱ्या ओळीला 'मंद आचेवर ठेवा'. पऱ्हाटीची मंद आच कोणी बघितली असेल तर मला दाखवा! ती भडकते, फुर्र करते, तुमच्या भुवया जाळते आणि मसाला काढायला वळलात की विझून बसते. बासुंदी मी तीनदा केली. पहिली उतू गेली, दुसरी लागली, तिसरी मी आणि आईनं आळीपाळीनं एकेक काडी सारत केली, तेव्हा कुठं जमली. केकला लिहिलं होतं, 'ओव्हन आधी गरम करून घ्यावा.' मी गंजात, म्हणजे पातेल्यात, रेती टाकून त्यात डबा ठेवला. शेजारच्या चाची, ज्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, त्या रोज संध्याकाळी चव बघायला यायच्या. त्यांनी केक बोटानं वाजवून बघितला.

"ये केक हाय का गोवरी, बेटा?"

"खाऊन तं पाहा चाची."

"खाते ना. पन आधी सांग, चुलीत टाकाची हाय का तोंडात?"

वर पुस्तकात छापायच्या चुका. एका ठिकाणी 'हिंग एक वाटी'. एक वाटी! मी खोडून 'चिमूट' केलं. एका ठिकाणी 'तांदूळ रात्रभर तळावेत', मी 'भिजवावेत' केलं. हळूहळू मला त्याची चटकच लागली. पेन घेऊनच वाचायचे, जे विचित्र वाटेल ते खोडायचे आणि माझं लिहायचे. आईला अक्षरं लावत लावत वाचावं लागतं, त्यामुळे मी आधी मनात वाचायचे आणि तिला माझ्या शब्दांत सांगायचे की आज हे हे लागणार. हे लक्षात ठेवा, कारण सगळी माती इथंच झाली.

आणि प्रत्येक कृतीच्या शेवटी काय? 'वरून बारीक चिरलेली कोथिंबीर भुरभुरावी.' प्रत्येक! मी एकशे एक पदार्थ करणार तुकडा सोडवायला, आणि त्यासाठी आई दर बाजारी सांबार विकत घेणार, पिशवीच्या तळाशी लपवून. एकदा मी म्हटलं, आई, नको घालायला. ती म्हणाली, "लिवलं हाय ना? मंग घालाचं. तुह्या बापाले बोट ठेवाले जागा नको."

म्हणजे तिलाही पाहिजे होतं! बोलत नव्हती एवढंच. मला एकदम हुरूप आला. दिवाळीपर्यंत चाळीस पदार्थ पार.

पण त्याच वर्षी कापसावर लाल्या आला. पानं आधी कडेनं लाल, मग सगळं झाड विटकरी. पाऊस बोंडं भरायच्या वेळेला गेला तो गेला. वेचणीला बाया यायच्या त्या अर्ध्या दिवसात रिकाम्या व्हायच्या. बाबा रोज संध्याकाळी घरी येऊन एकच बोलायचे, बियाणंच तसं निघालं. पाहुणे आले, बियाणंच तसं निघालं. चाची आल्या, बियाणंच तसं. आणि अशा घरात मी कढई चढवून चकल्या तळतेय! बाबा कढईतल्या तेलाकडे बघायचे. एकदा म्हणाले, "पुरे कर आता हे नखरे." मी म्हटलं, "शप्पथ मोडली म्हणा, लगेच बंद करते." ते ताटावरून उठून गेले. आईनं मला झाऱ्याची मूठ दाखवली. मारला नाही, पण दाखवला. मी चकल्या तळत रडले, आणि रडत रडत मोजल्या. त्रेसष्ट नंबरचा पदार्थ होता तो.

एकच नंबर मी मागं टाकला होता. सत्तावन्न. तिथं छापलं होतं 'अळूवडी', आणि साहित्यात पहिलंच, 'अळूची मोठी पानं'. अळू? असा शब्द मी बापजन्मात ऐकला नव्हता. माझ्या हातात पेन होतंच. म्हटलं, गेला इथला पण काना! अळू खोडलं आणि मोठ्या अक्षरात 'आलू' लिहिलं. आलू म्हणजे आमच्याकडे बटाटा. आलूची पानं. विचित्र वाटलं, पण पुण्याकडचे लोक काय काय खातात कोणाला माहीत!

आणि मग मी आलूची पानं शोधायला लागले. हसू नका. धाडच्या बाजारात भाजीवाल्या मावशींना विचारलं, "आलूचे पानं हायत का?"

"आलू हाय, कांदे हाय, लसूण हाय," त्या म्हणाल्या. "पानं तुह्या सासरी भेटतीन. जा लौकर."

बाजूच्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. बुलडाण्याच्या बाजारातही तेच. शेवटी मी घरीच डब्यात कोंब आलेले आलू पुरले. महिन्यानं पानं आली, रुपयाच्या नाण्याएवढी. त्यावर बेसन लावायचं आणि गुंडाळायचं! मी खरंच बेसन कालवलं होतं, तेवढ्यात चाची आल्या आणि त्यांनी डबाच उचलून घेतला.

"पागल झाली का? माह्या बकरीनं खाल्ले होते हे पत्ते. दोन दिवस उठली नोती."

"मग पुस्तकात काऊन लिहिलं?"

"लिवनाऱ्याच्या घरी बकरी नसन," चाची म्हणाल्या.

तर सत्तावन्न मागं राहिला. बाकीचे करत गेले. कोकमासाठी बुलडाण्यात पाच दुकानं फिरले. कॉलेजात मागच्या बाकावर बसून नारळाच्या दुधाचा विचार करायचे. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, शंभर झाले. शंभर! अंगणात मी उड्या मारल्या. आई म्हणाली, "एक राह्यला ना अजून?" आणि तिनं चुलीमागचा विळा काढून त्याचा गंज घासायला घेतला. ते बघून मला वाटलं, आता काही झालं तरी हा एक करायचाच.

त्या दिवशी दुपारी मी पुस्तक घेऊन बसले आणि चिडून सत्तावन्न नंबर मोठ्यानं वाचायला लागले, शब्द न शब्द, माझ्या भाषेत नाही, जसाच्या तसा. "पानांच्या मागच्या जाड शिरा लाटण्यानं दाबून घ्याव्यात. बेसनात चिंचेचा कोळ आणि गूळ घालावा. चिंच कमी पडल्यास घशाला खाज सुटते..."

"थांब," आई म्हणाली. विळा तिच्या हातात तसाच. "घसा खाजवते?"

"हो, असं लिहिलंय."

"पान कशाचं म्हणतं तू?"

"आलूचं."

"आलूच्या पानाले शिरा असतेत काय वं लाटण्यानं दाबाले? तिथं काय लिवलं हाय खरं?"

मी खोडलेलं उन्हात धरून वाचलं. "अळू."

आईनं विळा खाली ठेवला. मग म्हणाली, "हे तं चमकोरा हाय. चमकोऱ्याच्या वड्या. माह्या मायच्या घरी दर पावसाळ्यात होत."

बाबा ओसरीवर दोरी वळत बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही. आईही त्यांच्याकडे बघत नव्हती, ती मलाच सांगत होती, पण आवाज ओसरीवर पोचेल एवढा. "आपल्या भाजीवावरात होता ना. तुह्या बाबानं उपटून बांधावर फेकला तो."

मला ना, त्या क्षणी माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. जवळजवळ वर्षभर ते पुस्तक माझ्या हातात होतं! सुरुवातीलाच, सावन-भादव्यात, सगळं पुस्तक चाळून मी तो एक शब्द आईला जसाच्या तसा वाचून दाखवला असता तर ती धामणगाव बढ्याहून, तिच्या माहेराहून, हवी तेवढी पानं घेऊन आली असती. मामाला फोन केला. मामा म्हणाले, "हाय ना वं, पन आता उन्हाळ्यात सारा वाळून गेला. गड्डे हायत जमिनीत. पावसाळ्यात ये, पानं नेजो." गावात तीन विहिरींवर जाऊन आले. सगळीकडे भेगा.

मी बाबांसमोर उभी राहिले. "हा एक धरायचा नाही बाबा. चमकोरा तुम्हीच उपटला. शंभर झाले. शंभर म्हणजे झालेच."

"एक बी कमी नाही म्हटलं होतं."

"पण तुमच्यामुळं..."

"माह्यामुळं नाही. आलू लिवलं कोनं? म्यां लिवलं?" मग दोरी बाजूला ठेवली आणि आवाज एकदम खाली आला. "यंदा राहू दे ना पोरी. यंदा तं राहू दे. पुढच्या साली पाहू. चार तासं तं चार तासं, यंदा एक बोंड बी सोडाची ताकद नाही."

 भांडायला आलेला माणूस समोर असता तर मी भांडले असते. मी पुस्तक अंगणात फेकलं. चाचीची कोंबडी त्यावर जाऊन बसली. आईनं घासलेला विळा परत चुलीमागं खोचला, आणि मी त्या रात्री जेवले नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

लावणीचा दिवस आला. आमच्याकडे सरकी बायाच लावतात. ओच्यात बियाणं घ्यायचं, वाकायचं, दोन बोटांनी माती उकरून दाणा टाकायचा, पायानं माती लोटायची, पुढं. बाया कमी होत्या म्हणून मी कॉलेजला दांडी मारून आईच्या शेजारचं तास धरलं. दुपारनंतर आम्ही विहिरीपाशी पोचलो. बाकीच्या बाया तिकडच्या टोकाला होत्या, भाजीवावराची चार तासं आम्हा दोघींच्या वाट्याला. मला रडूच येत होतं. आई म्हणाली, "तू पानी पिऊन ये. हे मी करते."

मी पाणी पीत बघत होते. आई वाकली. माती उकरली, हात लावला, पायानं लोटली, पुढं. उकरली, हात लावला, लोटली, पुढं. चारही तासं, एक खड्डा न चुकवता. पण मूठ उघडलीच नाही. मी परत नीट बघितलं. मूठ बंद. एकही दाणा पडला नाही. मी तोंड उघडलं तशी तिनं खालूनच माझ्याकडे बघितलं.

"चाल पुढं. काय पाहून राह्यली?"

बियाण्याला औषधाचा लाल रंग असतो. संध्याकाळी सगळ्या बाया हौदावर हात धुवत होत्या, सगळ्यांची फक्त बोटांची टोकं लाल. आईचा आख्खा तळहात लाल होता.

आठ-दहा दिवसांनी सगळीकडे कोंब वर आले, विहिरीजवळ काही नाही. जिथं बी उगवत नाही त्या रिकाम्या जागांना आम्ही नांगे म्हणतो, आणि तिथं परत बी टाकायचं म्हणजे नांगे भरायचे. बाबा बांधावर उभे राहून बघत होते.

"चारीच्या चारी तासं नांगी?" ते म्हणाले. "बाकी वावरात बरोबर हाय, अन् इथंच नांगी?"

"हाव," आई म्हणाली. "बियाणंच तसं निघालं असन."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग रिकाम्या तासांकडे. गेलं वर्षभर सगळ्या गावाला जे वाक्य त्यांनी सांगितलं, ते त्यांच्याच बायकोनं त्यांना परत दिलं होतं, आता त्याला नाही कसं म्हणणार? शेवटी म्हणाले, "नांगे भरा लागतीन मंग."

"भरते ना मी," आई म्हणाली.

आणि भरले! सांबारानं भरले, अंबाडीनं भरले, मिरच्यांनी भरले. मामा चमकोऱ्याचे गड्डे पिशवीतून देऊन गेले. दोन दिवसांनी बाबांनीच तिथं पाण्याचा पाईप वळवला.

मी आनंदात असायला पाहिजे ना? सांगा ना! पण मी अशी चिडले होते, अशी चिडले होते. शंभर पदार्थ! भुवया जाळल्या, बाजारात हसू करून घेतलं, बकरीचं विष खाता खाता वाचले, आणि शेवटी काम झालं कशानं, तर आईच्या एका बंद मुठीनं. मी तिला विचारलं, "हेच करायचं होतं तं आधीच्याच साली काऊन नाही केलं? मले वर्षभर चुलीपुढं काऊन राबवलं?"

ती मेथी निवडत होती. "तू करून राह्यली होती ना," ती म्हणाली. "मले वाटलं तुह्याच्यानंच होते. शप्पथ घेतली होती त्यायनं. शब्दानं भेटलं असतं तं बरं झालं असतं."

मग पुढची जुडी सोडत म्हणाली, "अन् बासुंदी चांगली झाली होती तुही. तिसरी."

आणि सत्तावन्न नंबर? तो मी कधीच केला नाही. भादव्यात चमकोऱ्याला पानं आली, त्या दिवशी मी कॉलेजला होते. घरी आले तर वड्या करून, खाऊन, भांडी घासून झाली होती. आईनं पुस्तक उघडलंही नव्हतं, गूळही घातला नव्हता. माझ्यासाठी दोन वड्या वाटीखाली झाकून ठेवल्या होत्या. भयंकर चांगल्या होत्या, आणि मी त्या रागारागानं खाल्ल्या.

म्हणून मावशी, ग्रुपवरचं ते वाक्य काढून टाक. मी हरले होते. जिंकली ती वाकून, मान खाली घालून, कोणाला न सांगता जिंकली, आणि तिचा फोटो कोणीच काढला नाही. मला खरं तर एवढंच विचारायचंय सगळ्यांना, आणि लगेच सांगा, लाजू नका : तुमच्या घरी असं झालंय का? तुम्ही वर्षभर जीव काढून एखाद्यासाठी भांडलात, आणि मग त्याच माणसानं ते काम एका दुपारी, तुम्हाला पाणी प्यायला पाठवून, एकट्यानं उरकलं?